डाव्या गालावरचा ठिपका

आमच्यात सासऱ्याने सुनेचं तोंड पाहायचं नाही असा रिवाज होता. नातसुनांना सांगते तर त्या हसतात, म्हणतात, आजी, एका घरात राहून हे जमायचं कसं? जमायचं बाई. पदर हनुवटीच्या खाली ओढायचा, त्याला आमच्याकडे लाज काढणं म्हणतात. सासरे, मोठे दीर, गावातली वडीलधारी माणसं, या सगळ्यांची लाज. परक्याची मात्र नाही. कासार ओसरीवर बसून माझा हात धरून बांगड्या भरायचा, तोंडाकडे बघत माहेरची खुशाली विचारायचा, तेव्हा पदर नुसता डोक्यावर असला तरी चालायचं. आणि तेवढ्यात अंगणात सासऱ्यांचे जोडे कर्रकर्र वाजले की हात सोडवून घेऊन पदर खाली. त्यांच्याशी बोलायचंही नाही. जेवायला वाढलं की नणंद हाक मारणार. नणंद घरात नसली तर मी ताटाला वाटी वाजवायची, की ते समजायचे.

पुढं सगळं अडलं ते इथंच, म्हणून हे आधी सांगून ठेवलं.

मी कळसाडीला सून होऊन आले तेव्हा हे नंदुरबारला जिनात कामाला होते. कपाशीतून सरकी वेगळी करणारी यंत्रं असतात ना, त्यांचे हे फिटर. जिनाचा शेठ गुजरातेतला, आणि त्याच्या भावाचं जिन युगांडात. तिकडेही कपाशी पिकते हे मला तेव्हा खरंच वाटत नव्हतं. मला वाटायचं, कपाशी म्हणजे आपल्या तापीकाठचीच. शेठने यांना तिकडे धाडलं. लग्नाची हळद अजून अंगाला होती म्हणा ना. दोन हंगाम करून येतो म्हणून गेले, आणि मागून लढाई लागली. बोटींचा भरवसा राहिला नाही. पत्रं यायची तीसुद्धा कुणी तरी आधी फोडून वाचलेली.

मी वाचायला शिकले ती त्याच काळात. नणंद चौथी शिकलेली, सासर जवळच म्हसावदला, त्यामुळे निम्मा वेळ आमच्याकडेच. यांची पत्रं तीच वाचून दाखवायची, आणि प्रत्येक पत्रात एक जागा अशी यायची की ती थांबायची, मनातल्या मनात वाचायची, हसायची आणि पुढे जायची. त्या रागापायी मी चुलीतल्या राखेवर अक्षरं गिरवायला घेतली.

बायका बोलायच्या. एक चुलतसासू तर मला विहिरीवर गाठूनच म्हणायची, इतकी वर्षं कुणी स्वतःच्या हाताने थापलेली भाकर खातं का गं, तिकडे दुसरी चूल पेटली असेल. ती नात्याने सासूच, तिला उत्तर देता येत नव्हतं. आजूबाजूला जुनी माणसं असली की पदर खाली असायचा आणि आतलं रडणं कुणाला दिसायचं नाही. लाजेचा तेवढा उपयोग.

लढाई संपली. मला वाटलं आता हे येतील. त्याऐवजी पत्र आलं की मीच तिकडे जायचं. त्या सरकारने लढाईच्या दिवसांत कायदा केला होता, बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय बोटीतून उतरू द्यायचं नाही. बायकोला आणायचं तर नवऱ्याने साहेबापुढे हमी लिहून द्यायची, की हिला मी पोसेन, हिला राहायला माझ्याकडे जागा आहे, सरकारवर हिचा भार पडणार नाही. यांनी शेठच्या मागे लागून जिनाच्या आवारात खोली मिळवली, मग हमी दिली. आधी अर्ज परत आला, कारण खोलीला वेगळं स्वयंपाकघर नव्हतं. पत्र्याची पडवी काढून यांनी तेही केलं आणि पुन्हा अर्ज घातला. तेव्हा कुठे परवाना हाती आला, तो पत्रासोबतच धाडला होता. त्यावर मुदत होती. होळीच्या आत मी मोंबासाच्या बंदरात, युगांडाला जाणारे जिथे उतरतात तिथे, उतरायला हवं होतं. पत्राच्या शेवटी यांनी लिहिलं होतं की कायदा याहून कडक होणार असं इथं सगळे म्हणतात, हा परवाना वाया गेला तर पुन्हा मिळेल असं धरून चालू नका.

ते वाक्य मी स्वतः वाचलं. नणंदेला विचारावं लागलं नाही.

तेव्हा पौष लागला होता. आता इकडून पासपोर्ट करायचा. अर्ज शहाद्याला मामलेदारांकडे, तिथून धुळ्याला, तिथून मुंबईला. सासूबाईंच्या मनात मी जावं असं नव्हतं. मी इथे आहे तोवर मुलगा कधी तरी परतेल, मी गेले की त्याला गावाकडे ओढणारं काही उरणार नाही, असं त्यांना वाटायचं. आणि ते काही चुकीचं नव्हतं हो. मी त्यांच्या जागी असते तर मलाही तेच वाटलं असतं. त्या माझ्याशी वाईट वागल्या नाहीत, फक्त पासपोर्टचं बोलणं निघालं की उठून गोठ्याकडे जायच्या.

फोटोसाठी सासरे आम्हा नणंद-भावजयांना नंदुरबारला घेऊन गेले. फोटोवाल्याच्या दुकानात ते आले नाहीत, बाहेर बाकावर रस्त्याकडे तोंड करून बसले. आत फोटोवाला म्हणाला, पदर मागे घ्या, दोन्ही कान दिसले पाहिजेत, सरकारी फोटो आहे. तो परका माणूस, त्याच्यासमोर मला काही वाटलं नाही. भिंतीच्या पलीकडे सासरे बसलेत याचंच दडपण होतं. त्या फोटोत माझा चेहरा कसा आहे तर कुणी रागावल्यावर उभं राहावं तसा. डाव्या गालावर लहानपणी गोंदलेला ठिपका तेवढा स्पष्ट आला. फोटो तयार झाले ते कागदात गुंडाळून सासऱ्यांनी बंडीच्या खिशात ठेवले. उघडून बघण्याचा प्रश्नच नव्हता.

मग शहाद्याची कचेरी. सोबतीला गावचे पोलीस पाटील होते. मी आणि नणंद बाहेर गाडीत बसलो, बैल सोडलेले. आत काय झालं ते पाटलांनी पुढे इतक्या वेळा सांगितलं की मी तिथे होते असंच मला आता वाटतं.

मामलेदार देशावरचे, तरुण, कागदाच्या बाबतीत फार जपून. कुठल्या तरी तालुक्यातून एका बाईच्या फोटोवर दुसरीच बाई परदेशी गेली होती आणि सही करणाऱ्याला वरून जाब आला होता, तेव्हापासून सगळे दचकून होते. फोटोच्या मागे घरातल्या जबाबदार पुरुषाने सही करायची, की हा चेहरा मी ओळखतो, ही माझी अमुक. त्याखाली मामलेदारांची सही. त्यांनी दौत पुढे सरकवली आणि रीत म्हणून विचारलं, ही तुमचीच सून ना?

सासऱ्यांनी फोटोकडे पाहिलंही नाही. म्हणाले, “मी बहूनं तोंड कधी देखेल नही, साहेब.”

मामलेदारांनी टाक खाली ठेवला. सून तुमच्याच घरात राहते ना? हो. लग्न झाल्यापासून? हो. मग तुम्ही तिला ओळखता कशावरून?

“पायवरथीन वळखस. पायना फोटो ऱ्हाता ते आत्तेच सही करी देतू.”

कारकून हसले, दारातला शिपाईसुद्धा हसला. मामलेदार हसले नाहीत. ते म्हणाले, आजोबा, तुम्ही न बोलता सही केली असती तर मी पुढे पाठवलं असतं. आता माझ्या समोर सांगितलंत, आता मला तुमची सही घेता येत नाही. चेहरा ओळखणारा माणूस आणा. आणि उद्या दुपारच्या आत आणा, परवा पहाटे मी अक्राणीच्या डोंगरात दौऱ्यावर निघतोय, तिकडून उतरायला किती दिवस लागतील सांगता येत नाही.

दौऱ्यावरून ते येईपर्यंत थांबलो असतो तर धुळे आणि मुंबई व्हायचं कधी, आणि बोट मिळायची कधी? गाडी जुंपताना पाटलांनी हे मोठ्याने बोलून दाखवलं, मी ऐकावं म्हणूनच बहुधा. नणंदेने माझा गुडघा धरून ठेवला होता.

परतीच्या वाटेवर पाटील एकेक नाव काढत होते. ते स्वतः? ते वडीलधारे, त्यांची मला लाज. मोठे दीर? लाज. भाऊबंद, कारभारी, देवळातला पुजारी? सगळ्यांची लाज. ज्यांची लाज नव्हती ती सगळी मिसरूड न फुटलेली. माझे वडील गेलेले, भाऊ नाही, मामा पार सोनगडच्या पलीकडे, निरोप पोचून तो यायचा तर आठवडा गेला असता. सबंध गावात एकही जाणता पुरुष असा नव्हता ज्याने माझं तोंड पाहिलंय. फोटोवाल्याने पाहिलं होतं, कासाराने पाहिलं होतं, पण मी कुणाची सून हे त्यांनी कशावरून सांगावं?

शेवटी पाटील सासऱ्यांना म्हणाले, “दादा, हो म्हनामा तुन्हं काय जास?”

सासरे बैलांकडे बघत होते. म्हणाले, “जे मी देखं नही, त्यानी साक्ष मी देत नही.”

यावर पाटलांनी विषय सोडला, कारण त्यांना माहीत होतं. मी लग्न होऊन येण्याआधीची गोष्ट, बांधाच्या भांडणात सासऱ्यांनी सख्ख्या चुलतभावाविरुद्ध साक्ष दिली होती, कारण दगड कुठे होता ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. घर फुटलं, पण तेव्हापासून पंचक्रोशीत वाद झाला की लोक त्यांना बोलवायचे. अशा माणसाला एका फोटोसाठी खोटं बोला म्हणून कोण सांगणार?

घरी आलो. सासरे जेवले नाहीत. मी भाकरी थापत होते आणि माझं सगळं लक्ष ओसरीकडे. मला त्यांच्याशी बोलताच येत नव्हतं, हेच मला सोसत नव्हतं. माझ्या जाण्या-न जाण्याचं चाललंय आणि मी मध्ये एक शब्द टाकू शकत नाही. नणंद मात्र लेक होती. ती ओसरीवर जाऊन बापाला, तिच्या बापूंना, बोलली, आणि चांगलं बोलली. म्हणाली की तिकडे भावाने अनोळखी साहेबापुढे हमी लिहून दिली, बायकोसाठी पत्रे ठोकून चूल मांडली, आणि इथे बाप एका फोटोकडे बघत नाही. तो तिकडेच म्हातारा झाला तर साक्ष कुणाला द्याल?

सासरे उठून शेतावर गेले. मला वाटलं, संपलं. मी परवान्याचं ते पत्र काढून पुन्हा वाचलं, जसं काही मुदत मागच्या वेळेपेक्षा लांबलेली निघणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी काय केलं ऐका. कालपासून त्या या विषयावर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. सकाळचं काम आटोपलं, त्यांनी पेटीतून आरसा काढला, पदराने पुसला आणि ओसरीच्या उंबऱ्यात उभं राहून सासऱ्यांना म्हणाल्या, “तुमनं सूनमुख राहीच गये.”

सूनमुख म्हणजे नवी नवरी घरात आली की सासू तिचं तोंड आरशात बघते आणि तिच्या हातावर काही तरी ठेवते. माझं सूनमुख सासूबाईंनी लग्नात केलं होतं, याच आरशात. सासऱ्यांनी करायचं असं आमच्यात कधी ऐकलं नव्हतं. पण करू नये असंही कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि आरशात पाहणं म्हणजे समोरासमोर पाहणं नव्हे, त्यामुळे लाजही राहत होती. रात्रभर त्यांनी हे मनात कसं कसं फिरवलं असेल कुणास ठाऊक. ज्या बाईला मी जायला नको होतं, तिने हे काढलं. कामाच्या मधे मला एवढंच म्हणाल्या होत्या, पत्र्याखाली तो स्वतः चूल पेटवत असेल काय गं.

सासऱ्यांनी हातपाय धुतले, धुवट बंडी घातली, पागोटं बांधलं. पाहुण्याकडे निघावं तसे.

मागच्या अंगणात उजेड चांगला होता. मला पाटावर बसवलं, माझी पाठ दाराकडे. नणंदेने समोर आरसा धरला. सासरे माझ्या मागे दारात उभे, हातात फोटो. सासूबाईंनी माझा पदर मागे घेतला. मी डोळे मिटून घेतले तर नणंदेने पायाने ढोसलं.

गोठ्यातलं वासरू तेवढं खुंट्याला हिसके देत होतं. मागून कागद उलगडल्याचा आवाज आला, मग पुन्हा काही नाही. बघून झालं असेल तर हो म्हणा ना, असं मी मनात म्हणतेय, आणि सासरे म्हणाले, “हाई ती नही.”

सासूबाई म्हणाल्या, असं काय बोलता? ते म्हणाले, फोटोतल्या बाईचा ठिपका माझ्या उजव्या हाताला आहे, आरशातल्या बाईचा डाव्या हाताला. गाल वेगळे. ही ती नव्हे.

नणंद आरसा हलवायला लागली, जसं हलवून ठिपका पलीकडे जाणार होता. सासूबाईंनी फोटो घेतला, आरशात पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला, आणि त्याही गोंधळल्या. मला मात्र कळत होतं, ठिपका माझ्याच गालावर होता ना, रोज वेणी घालताना बघायची. पण सांगू कशी? सासरे मागे उभे. मी हळूच नणंदेला म्हटलं, आरसा उलटं दाखवतो. तिने ते मोठ्याने सांगितलं. सासऱ्यांनी उजवा हात पागोट्याला लावून आरशात पाहिलं. विचार केला. मग म्हणाले, बरोबर आहे, आरसा उलटं दाखवतो. आणि पुढे म्हणाले, मग उलटं दाखवणाऱ्याच्या भरवशावर मी साहेबाला काय सांगू?

झालं. सासूबाईंनी लाजही राखली होती आणि वाटही काढली होती, ती वाट तिथे बंद झाली. ऊन पाटावर आलं होतं. दुपारच्या आत शहाद्याला पोचायचं तर गाडी आताच जुंपायला हवी होती. सासूबाईंचा हात माझ्या डोक्यावर होता, पदर परत ओढावा की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं, मला त्या हातावरून कळत होतं.

तेव्हा मागून आवाज आला, “बेटा, मन्हाकडे फिर.”

इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले. मी बसल्या जागी वळले. खाली त्यांचे पाय दिसत होते, तेवढेच मला ओळखीचे. ते पुन्हा म्हणाले, डोळे वर कर, फोटोत डोळे वर आहेत.

मी वर पाहिलं. मी तरी त्यांना कुठे पाहिलं होतं? पदराच्या जाळीतून एक पांढरं धोतर, एक आवाज. आता समोर पाहिलं तर तेच कपाळ, डाव्या भुवईत तसाच केसांचा भोवरा. यांचा चेहरा मला आठवेनासा झाला होता, खरं सांगते. रात्री आठवायला बसलं की नुसतं नाक यायचं, नाही तर नुसत्या मिशा. तो इथे अख्खा समोर, फक्त म्हातारा झालेला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण मी डोळे खाली केले नाहीत.

त्यांनी सासूबाईंकडून फोटो परत घेतला, पण घाई केली नाही. बैल घेताना बघतात तसं बघितलं, फोटो, मी, फोटो. मग फोटो कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि म्हणाले, “हाईच शे.”

सासूबाई म्हणाल्या, सूनमुख रिकाम्या हाताने होत नाही. त्यांनी खिसा चाचपला, खिशात फक्त फोटो. मग त्यांनी बंडीची चांदीची बटणं काढली, साखळीत ओवलेली असायची ती, आणि माझ्या हातावर ठेवली. सासूबाईंनी माझा पदर खाली ओढला. त्या दिवशी शहाद्याच्या कचेरीत ते उघड्या गळ्याची बंडी एका हाताने धरून उभे होते, असं पाटील सांगायचे. मामलेदारांचं सामान बांधून होत होतं. त्यांनी विचारलं, आज कसं काय ओळखता? सासरे म्हणाले, आज पाहिलं. आणि फोटोच्या मागे मोडीत सही केली.

पुढचं थोडंच आहे. पासपोर्ट हातात पडला तेव्हा होळीच्या गोवऱ्या थापायला घेतल्या होत्या गावात. रोज पोस्टाची वाट बघून माझं जेवण तुटलं होतं. मुंबईत शेठच्या माणसाने बोटीवर जागा करून दिली, आणि मुदतीच्या अगदी कडेला मी मोंबासाला उतरले. तिथल्या गोऱ्या साहेबाने पासपोर्ट उघडला, माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि शिक्का मारला. मागची सही वगैरे काही बघितली नाही. मी तिथेच उभी राहिले, मला वाटलं अजून काही तरी विचारणार असेल. पलीकडे कठड्याला हे उभे होते. भुवईतला भोवरा मी लांबूनच ओळखला.

आम्ही गावी परत आलो ते बऱ्याच वर्षांनी, दोन लेकरं घेऊन. सासूबाईंनी दारातच भाकर ओवाळून टाकली. आत आले तर माजघराच्या भिंतीवर माझा तो ओरडा खाल्ल्यासारखा फोटो चौकटीत. उरलेली एक प्रत सासूबाईंनी ठेवून घेतली होती. आणि फोटोवर वरच्या दोन खिळ्यांना बांधून कापडाचा एक तुकडा सोडलेला, हनुवटीच्या खालपर्यंत. मी नणंदेकडे पाहिलं. ती म्हणाली, बापू इथूनच जेवायला जातात ना.

कापड पांढरं होतं. त्याचा खालचा एक कोपरा मात्र बोटं लागून लागून काळपट झाला होता. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, माझा हात तिथवर पोचतच नाही. आणि सासरे उंच होते, हे मला माहीत होतं.

अंगणात जोडे वाजले. मी पदर खाली ओढला, ताट वाढलं, आणि नणंद जवळच होती तरी ताटाला वाटी वाजवली.